एकच झॅबिक्स, तीन विभाग: कुणाचं काय कुणाला दिसावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका संस्थेचं रुग्णालय, अभियांत्रिकी कॉलेज आणि मुख्य कार्यालय अशा तीन ठिकाणच्या सर्व्हर-स्विचवर लक्ष ठेवायला एकच झॅबिक्स, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, आहे. पगार, हिशेब, देणग्या हे सगळं मुख्य कार्यालयात चालतं. आजवर सगळे एकाच लॉगिनने बघायचे. आता रुग्णालयाने लेखी कळवलंय की आमचं काही कॉलेजवाल्यांना दिसता कामा नये, आणि हिशेब विभागानेही तोच सूर लावलाय. विचारणाऱ्यांचा प्रश्न असा, की तिघांना वेगवेगळे डॅशबोर्ड (माहितीचे पडदे) करून दिले तर भागेल का, की प्रत्येकाला वेगळा सर्व्हर उभा करावा लागेल?

आधी उत्तर सांगतो. वेगळ्या डॅशबोर्डांनी भागणार नाही. तीन वेगळे सर्व्हरही लागणार नाहीत. एका सर्व्हरवर हे काम नीट होतं, पण त्यासाठी होस्ट ग्रुप (होस्ट म्हणजे नजरेखालचं एकेक मशीन) मुळापासून नव्याने लावावे लागतात आणि आजूबाजूची पाच-सहा दारं एकेक करून बंद करावी लागतात. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र माझी एक अट आहे, ती पुढे येईल.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, कॉलेजं, दवाखाने, पतसंस्था अशा ठिकाणी मी बरीच वर्षं नेटवर्क आणि मॉनिटरिंगचं काम करतोय. तुमच्यासारखी मांडणी मी अनेकदा पाहिली आहे. सुरुवातीला एकच माणूस सगळं बघतो, म्हणून लॉगिनही एकच असतं. मग विभाग वाढतात, माणसं वाढतात आणि तो पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला सापडतो. तुमच्याकडे निदान प्रश्न वेळेवर विचारला गेलाय.

डॅशबोर्डचं आधी सांगतो, कारण पहिला गैरसमज तिथेच असतो. डॅशबोर्ड म्हणजे फक्त मांडणी. मागची माहिती कुणाला मिळावी हे तो ठरवत नाही. कॉलेजच्या माणसाला रुग्णालयाच्या होस्ट ग्रुपवर वाचायची परवानगी असेल, तर त्याचा डॅशबोर्ड कितीही स्वच्छ ठेवा, तो ‘लेटेस्ट डेटा’चं पान उघडून सगळं बघू शकतो. उलट परवानगी मुळातच नसेल, तर तुम्ही रुग्णालयाचा डॅशबोर्ड त्याच्यासोबत शेअर केला तरी त्याला त्यातले आकडे दिसणार नाहीत. तेव्हा काम परवानगीच्या पातळीवरच करायचं. डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी.

मेनू लपवण्याचंही तसंच. २०२० साली आलेल्या ५.२ आवृत्तीपासून झॅबिक्समध्ये युजर रोल आहेत. त्यात कुणाला कोणते मेनू दिसावेत ते ठरवता येतं. बरेच जण मेनू काढून टाकतात आणि निश्चिंत होतात. पण त्याच रोलमध्ये एपीआयची (स्क्रिप्टमधून माहिती मागण्याच्या वाटेची) परवानगी वेगळी असते आणि ती सहसा चालूच राहिलेली असते. मेनू नसला तरी ज्याला चार ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते, तो तीच माहिती एपीआयमधून काढतो. आणि तुमच्याकडे तर अभियांत्रिकी कॉलेज आहे. ज्यांना एपीआयची गरज नाही त्यांच्या रोलमधून ती बंदच करा.

आता मुख्य गोष्ट. झॅबिक्समध्ये परवानगी जाते युजर ग्रुपकडून होस्ट ग्रुपकडे. माणूस युजर ग्रुपमध्ये, मशीन होस्ट ग्रुपमध्ये, आणि या दोघांच्या मध्ये चारपैकी एक नातं: काहीच नाही, वाचणं, वाचणं-लिहिणं किंवा स्पष्ट मनाई. एखादा माणूस दोन युजर ग्रुपांत असेल तर जास्त अधिकार देणारा ग्रुप चालतो, पण मनाई आली की ती सगळ्यांवर मात करते. इथवर सोपं आहे. फसगत होते ती मशीन दोन होस्ट ग्रुपांत असतं तेव्हा.

हिशेबाचा सर्व्हर तुम्ही ‘मुख्य कार्यालय’ या ग्रुपमध्ये टाकला आणि तिथे फक्त हिशेब विभागाला वाट दिली. छान. पण तोच सर्व्हर कुणीतरी दोन वर्षांपूर्वी ‘लिनक्स सर्व्हर्स’ ग्रुपमध्येही टाकून ठेवलाय आणि त्या ग्रुपवर सगळ्यांना वाचायची परवानगी आहे. झालं, हिशेबाचा सर्व्हर सगळ्यांना उघडा. स्पष्ट मनाई नसेल तर कोणत्याही एका ग्रुपमधून वाट मिळाली की होस्ट दिसतो. मी जिथे जिथे गळती शोधली, तिथे बहुतेक वेळा हेच कारण निघालं: ‘लिनक्स’, ‘विंडोज’, ‘नेटवर्क’, ‘प्रिंटर’ असे जातीवार ग्रुप आणि त्यांवर सढळ हाताने दिलेल्या परवानग्या.

म्हणून होस्ट ग्रुप फक्त मालकीवर पाडा. रुग्णालय, कॉलेज, मुख्य कार्यालय आणि चौथा ‘सामाईक’. मशीन कोणत्या जातीचं आहे, कोणत्या मजल्यावर आहे, किती महत्त्वाचं आहे, हे सगळं टॅगमध्ये, म्हणजे मशीनला लावायच्या चिठ्ठ्यांमध्ये, लिहा. आपल्याकडे यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला मी हे ताणा-बाण्याच्या भाषेत सांगतो. उभे धागे एकदा ताणले की कापड उतरेपर्यंत हलवायचे नसतात, आडवे हवे तसे बदलता येतात. ग्रुप हा ताणा, टॅग हा बाणा. प्रत्येक होस्ट मालकीच्या नेमक्या एकाच ग्रुपमध्ये असेल, दोनमध्ये नाही, असा नियमच करा आणि तो लिहून ठेवा.

तिरपी रेघ देऊन पोटग्रुप करता येतात, जसं ‘रुग्णालय/प्रयोगशाळा’. ते वापरा, पण एक लक्षात असू द्या. पालक ग्रुप आधी असेल आणि पोटग्रुप नंतर केला, तर परवानग्या आपोआप उतरतात. पोटग्रुप आधी होता आणि पालक ग्रुप नंतर झाला, तर उतरत नाहीत. ग्रुपच्या पानावर परवानग्या खालच्या सगळ्या पोटग्रुपांना लावण्याची सोय आहे. ती एकदा वापरून मग डोळ्यांनी तपासा.

टॅगवरून परवानगी देता येते असंही तुम्ही वाचलं असेल. येते, पण ती फक्त ‘प्रॉब्लेम्स’च्या यादीपुरती. म्हणजे अमुक टॅगचेच प्रॉब्लेम या युजर ग्रुपला दाखव, असं सांगता येतं. होस्टवर वाचायची परवानगी असेल तर त्याचे आकडे, आलेख, इतिहास तरीही दिसतात. गर्दी कमी करायला ही सोय उत्तम आहे. गुप्ततेसाठी तिच्यावर विसंबू नका.

आता खरी अवघड जागा. झॅबिक्समध्ये परवानगी होस्टच्या पातळीवर थांबते. एकाच होस्टमधला हा आयटम (मोजायची एक गोष्ट) दाखव आणि तो लपव, अशी सोय नाही. ज्या मशीनचा मालक एकच आहे तिथे हे चालून जातं. पण तुमच्या कोअर स्विचचं, म्हणजे सगळ्यांच्या केबल जिथे येतात त्या मुख्य स्विचचं, काय? त्याच्या अठ्ठेचाळीस पोर्टांपैकी काही रुग्णालयाला जातात, काही कॉलेजला, दोन पगाराच्या खोलीत. तो एकच होस्ट आहे. कॉलेजला त्यांच्या पोर्टवरची रहदारी बघायची म्हणून तुम्ही स्विच दाखवलात, तर बाकीच्या पोर्टांवरची रहदारीसुद्धा दिसली, आणि पोर्टची वर्णनंही. ही वर्णनं स्विच बसवणाऱ्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेली असतात. ‘एमआरआय खोली’, ‘विश्वस्त केबिन’, ‘पगार पीसी’. कोणतं मशीन कुठे आहे याचा पूर्ण नकाशाच तुम्ही हातात दिलात.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पहिला असा: एकाच आयपी पत्त्यावर दोन-तीन होस्ट बनवा. झॅबिक्सला त्याचं वावडं नाही, फक्त होस्टची नावं वेगळी हवीत. ‘कोअर स्विच, कॉलेज’ या होस्टवर पोर्ट शोधणाऱ्या नियमात गाळणी लावा, म्हणजे ज्यांचं वर्णन कॉलेजच्या ठरलेल्या खुणेने सुरू होतं तेवढेच पोर्ट येतील. त्यासाठी स्विचवर पोर्टांची वर्णनं आधी शिस्तीत लिहावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण एक दुपार देऊन उरकतं. तोटा एवढाच की त्याच स्विचला दोन-तीनदा विचारणा होते. जुना, हळू स्विच असेल तर दोन विचारणांमधली वेळ थोडी वाढवून द्या.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. मूळ स्विच ‘सामाईक’ ग्रुपमध्ये ठेवा, फक्त आयटी कक्षाला दिसेल असा. मग कॉलेजच्या ग्रुपमध्ये एक होस्ट बनवा ज्याला पत्ताच नाही, नुसता कागदावरचा होस्ट, नाव ‘कॉलेजचं इंटरनेट’. त्यात कॅल्क्युलेटेड आयटम घाला, जे मूळ स्विचच्या ठरावीक पोर्टचा शेवटचा आकडा उचलून आणतात. कॉलेजला तेवढाच आकडा दिसतो. स्विच दिसत नाही, पोर्टची नावं दिसत नाहीत, शेजारचे पोर्ट दिसत नाहीत. सामाईक डेटाबेस सर्व्हर, यूपीएस, इंटरनेटची लाइन, सगळ्यांना हीच युक्ती चालते. व्हर्च्युअल मशीन ज्या मोठ्या सर्व्हरवर चालतात तो मात्र आयटी कक्षाकडेच ठेवा आणि आतलं प्रत्येक व्हर्च्युअल मशीन स्वतंत्र होस्ट म्हणून ज्याच्या-त्याच्या ग्रुपमध्ये पाठवा.

काही गोष्टी मुद्दाम सगळ्यांना दाखवाव्यात, हेही सांगतो. सर्व्हर रूमचं तापमान ही त्यातली पहिली. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि एसी दुपारी दोनला बंद पडला तर तिन्ही विभागांचे सर्व्हर एकत्रच तापतात. ते ज्याला आधी दिसेल त्याने फोन करावा. वीज, तापमान, इंटरनेट या तीन गोष्टींचा एक सामाईक होस्ट सर्वांना वाचायला खुला ठेवा. सगळं झाकून टाकलं की लोकांचा त्या पडद्यावरचा विश्वास उडतो, आणि मग पुन्हा जुन्या पासवर्डची मागणी सुरू होते.

आता बाजूची दारं. इथे एक अनुभव सांगतो, कारण त्यानंतर माझी काम करण्याची पद्धत बदलली.

एका रुग्णालयात प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर मधूनमधून अडकायचं. मी त्याच्या एरर लॉगवर आयटम लावला: ‘एरर’ शब्द असलेली ओळ आली की ती उचल, ट्रिगर (इशाऱ्याची अट) पेटव, टेलिग्रामच्या ग्रुपवर पाठव. मेसेजमध्ये शेवटची ओळ जशीच्या तशी यावी असं मीच लिहिलं होतं, म्हणजे कारण लगेच कळेल. दोन आठवडे सगळं ठीक. एका सकाळी सात रस्ता चौकात चहा घेताना ग्रुप उघडला. रात्री आलेल्या मेसेजमध्ये एका बाईचं पूर्ण नाव होतं, मोबाइल नंबर होता, तपासणीचं नाव होतं आणि शेवटी ‘प्रिंटर टाइमआउट’. तपासणी अशी, की शेजाऱ्याला कळावी असं कुणालाच वाटणार नाही. त्या ग्रुपमध्ये रुग्णालयाची चार माणसं होती, आणि बाकी सीसीटीव्हीवाला, लिफ्टवाला, यूपीएसची कंपनी आणि त्यांच्याकडे काम करणारी मुलं. झॅबिक्समधल्या माझ्या परवानग्या एकदम बरोबर होत्या. त्यांचा इथे काहीच उपयोग झाला नाही. मी मेसेज काढला, व्यवस्थापनाला त्याच दिवशी जाऊन सांगितलं, आणि ती ओळ झॅबिक्सच्या डेटाबेसमधूनही पुसली. बारा-पंधरा फोनांवर ती आधीच पोहोचली होती, त्याचं काही करता आलं नाही.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, जे गोळाच केलं नाही ते फुटत नाही. लॉगमध्ये किती एरर आले एवढंच हवं असेल तर ओळ आणूच नका, ओळींची संख्या मोजून देणारा आयटम वापरा. मग एजंट, म्हणजे त्या मशीनवर बसवलेला झॅबिक्सचा छोटा प्रोग्रॅम, तिथेच मोजतो आणि फक्त आकडा पाठवतो. कारणही हवं असेल तर लॉगच्या आयटममध्येच ओळीचा कोणता तुकडा द्यायचा ते सांगता येतं. एररचा क्रमांक तेवढा उचला, नाव-नंबर त्या मशीनच्या बाहेर पडायलाच नकोत. सर्व्हरवर आल्यावर गाळणं आणि मशीनवरच गाळणं, यांत फरक आहे, कारण पहिल्यात ती ओळ नेटवर्कवरून निघालेली असते.

दुसरी गोष्ट अलर्टची. झॅबिक्सचा एक चांगला नियम आहे. ज्या युजरला त्या होस्टवर निदान वाचायची परवानगी आहे, त्यालाच अलर्ट जातो. पण लोक काय करतात, ‘अलर्ट’ नावाचा एक युजर बनवतात, त्याला सगळ्या ग्रुपांवर परवानगी देतात आणि त्याच्यापुढे एका टेलिग्राम ग्रुपचा पत्ता लावतात. त्या क्षणी झॅबिक्सचा नियम संपतो आणि टेलिग्रामच्या ग्रुपची सदस्ययादी हीच तुमची परवानगी ठरते. विभागागणिक अलर्ट-युजर वेगळा, त्याचा चॅट ग्रुप वेगळा, आणि त्या ग्रुपचा ॲडमिन त्या विभागातला माणूस. नोकरी सोडून गेलेल्याला काढण्याची जबाबदारी त्याची. बाहेरच्या ठेकेदारांना त्यांच्या यंत्राचा अलर्ट ईमेलने द्या, ग्रुपमध्ये घेऊ नका.

रिपोर्ट हे असंच दुसरं दार. ५.४ पासून झॅबिक्स ठरल्या वेळी पीडीएफ रिपोर्ट मेल करतं. प्रत्येक पाठवणीपुढे हा रिपोर्ट कुणाच्या नजरेने बनवायचा ते निवडावं लागतं: पाठवणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या. सुपर ॲडमिनने (सगळं दिसणाऱ्या मुख्य खात्याने) रिपोर्ट लावला आणि तिथे स्वतःची नजर तशीच ठेवली, तर कॉलेजच्या प्राचार्यांना दर सोमवारी रुग्णालयाचे आकडे पोहोचतील आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येणार नाही. घेणाऱ्याची नजर निवडा. आज लावलेले सगळे रिपोर्ट एकदा उघडून हे तपासा.

ग्राफाना (आलेख काढणारं वेगळं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आणखी सावध. आलेख देखणे येतात म्हणून बहुतेक जण झॅबिक्सपुढे ग्राफाना लावतात, आणि जोडणी करताना सुपर ॲडमिनचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) देतात. मग ग्राफाना जे विचारील ते झॅबिक्स सुपर ॲडमिन समजून देतं. तुमच्या सगळ्या भिंती त्या एका जोडणीने सपाट झाल्या. ग्राफानाच्या फुकट आवृत्तीत डेटासोर्सवर, म्हणजे त्या जोडणीवर, वेगळी परवानगी लावता येत नाही. एका ऑर्गनायझेशनमधला (ग्राफानातल्या एका कप्प्यातला) साधा ‘व्ह्यूअर’सुद्धा त्या डेटासोर्सला डॅशबोर्डवर नसलेला प्रश्न विचारू शकतो. उपाय म्हणजे ग्राफानात तीन ऑर्गनायझेशन करा. प्रत्येकात वेगळा डेटासोर्स, आणि त्या प्रत्येकाला झॅबिक्समधल्या त्या-त्या विभागाच्या वाचक युजरचं टोकन. फोल्डर वेगळे करून हे होत नाही. प्रोमिथियस (मॉनिटरिंगचंच दुसरं सॉफ्टवेअर) असेल तर आणखी कठीण, कारण त्याच्यात विभागवार परवानगी ही कल्पनाच नाही. तिथे विभागागणिक वेगळा प्रोमिथियस चालवणं हेच मला सरळ वाटतं.

नेटवर्क मॅपबद्दल एकच सांगतो. परवानगी नसलेल्या होस्टचं चित्र मॅपवर राखाडी होतं आणि त्याचा मजकूर लपतो. ट्रिगरचं लेबल मात्र परवानगी नसली तरी दिसतं. तेव्हा सगळ्यांना दाखवायच्या मॅपवर ट्रिगर ठेवू नका.

आता लिहिण्याची परवानगी, म्हणजे विभागाच्या आयटी माणसाला आपल्या मशिन्सची मांडणी स्वतः करू देणं. द्यावी, त्याने तुमचा भार हलका होतो. पण वाचणं-लिहिणं दिलेला ॲडमिन आपल्या होस्टवर नवा आयटम बनवू शकतो, आणि एजंटकडे फाइल वाचून तिचा मजकूर आणणारा आयटम असतो. विंडोजवर एजंटची सर्व्हिस मूळच्या मांडणीत लोकल सिस्टम खात्याखाली चालते. म्हणजे त्या मशीनवरची जवळपास कोणतीही साध्या मजकुराची फाइल झॅबिक्समधून वाचता येते. पगाराची यादी टेक्स्ट फाइलमध्ये त्या मशीनवर पडलेली असेल तर तीही. एजंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ५.० पासून कोणते आयटम चालावेत आणि कोणते नाकारावेत हे लिहिण्याची सोय आहे. फाइलचा मजकूर वाचणाऱ्या आयटमला तिथे नकार लिहा. दूरून आदेश चालवणारा आयटम मुळात बंदच असतो, पण जुन्या आवृत्तीवरून चढत आला असाल तर एकदा पाहून घ्या. हा नकार मशीनवरच लिहिलेला असतो, म्हणून झॅबिक्समधला सुपर ॲडमिनही तो ओलांडू शकत नाही. हिशेब विभागाला सांगण्यासारखी याहून पक्की गोष्ट तुमच्याकडे दुसरी नाही.

टेम्प्लेटमध्येही, म्हणजे अनेक मशिन्सना एकदम लावायच्या आयटमच्या साच्यातही, घोळ होतो. ६.२ पासून टेम्प्लेटचे ग्रुप होस्टच्या ग्रुपांपासून वेगळे झाले आहेत आणि परवानग्याही वेगळ्या आहेत. सामाईक टेम्प्लेटवर विभागांना फक्त वाचायची परवानगी द्या. नाहीतर कॉलेजच्या ॲडमिनने टेम्प्लेटमध्ये केलेला बदल रुग्णालयाच्या मशीनपर्यंत पोहोचतो.

प्रॉक्सीबद्दल अनेकांची समजूत अशी की प्रत्येक विभागाला वेगळी प्रॉक्सी दिली की माहिती वेगळी झाली. प्रॉक्सी माहिती गोळा करून त्याच सर्व्हरला देते. फायरवॉलमध्ये एकच भोक पाडावं लागतं, लाइन तुटली तर माहिती साठून राहते, हे तिचे फायदे आहेत आणि त्यासाठी ती जरूर वापरा. गुप्ततेत तिने काही भर पडत नाही.

स्विचला विचारताना एसएनएमपीचा (यंत्रांची स्थिती विचारण्याच्या नेटवर्कवरच्या भाषेचा) वर्शन दोन वापरत असाल, तर त्याचा परवलीचा शब्द नेटवर्कवर उघडा फिरतो, आणि बहुतेक ठिकाणी तो आजही ‘पब्लिक’ असतो. कॉलेजच्या लॅबमधल्या मुलाला तुमच्या झॅबिक्समध्ये शिरायची गरजच नाही, तो रुग्णालयाच्या स्विचला थेट विचारील. वर्शन तीनवर जा, ओळख आणि कूटबद्धता दोन्ही चालू करून. जिथे जुनं यंत्र ते करत नाही, तिथे निदान फक्त झॅबिक्सच्या पत्त्यालाच उत्तर देईल असं बांधा. एजंटच्या बाजूलाही कोणत्या सर्व्हरला उत्तर द्यायचं तो पत्ता लिहायचा असतो, तिथे संपूर्ण नेटवर्क लिहून ठेवू नका.

आता सुपर ॲडमिन. त्याला सगळं दिसतं आणि मनाई लिहूनही ते थांबवता येत नाही. ही गोष्ट विभागांपासून लपवू नका. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना आणि हिशेबाच्या प्रमुखांना समोर बसवून सांगा, की ही दोन माणसं सगळं बघू शकतात, त्यांची नावं ही, त्यांनी काय बदललं याची नोंद ऑडिट लॉगमध्ये राहते, आणि ती नोंद तुम्ही मागाल तेव्हा मिळेल. माझ्या अनुभवात विभागप्रमुखांना इतकं स्पष्ट सांगितलं की ते ऐकून घेतात. दोनपेक्षा जास्त सुपर ॲडमिन ठेवू नका, दोघांनाही रोजच्या कामासाठी वेगळं साधं खातं द्या, आणि मूळचं ‘ॲडमिन’ खातं तसंच पडलंय का, गेस्ट खातं चालू आहे का, हे आजच बघा. बॅकअपही याच हिशेबात धरा. डेटाबेसच्या बॅकअपमध्ये तिन्ही विभागांचं सगळं एकत्र असतं, आणि पडद्यावर तारे-तारे दिसणारे गुप्त मॅक्रो (झॅबिक्समध्ये साठवलेले पासवर्डसारखे शब्द) त्यात उघडे असतात. तो बॅकअप ज्या पेनड्राइव्हवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर) जातो, तिथे कोण पोहोचतं ते मोजा. बॅकअप कूटबद्ध करूनच बाहेर काढा.

इतकं करून झाल्यावर वेगळ्या सर्व्हरचा प्रश्न. मी तो फक्त एका ठिकाणी सुचवतो: जिथे मॉनिटरिंगमध्ये रुग्णांची किंवा खातेदारांची माहिती आल्याशिवाय काम होतच नाही. तुमच्या रुग्णालयाच्या बाबतीत माझी अट हीच. लॉगच्या ओळी, डेटाबेसमधून प्रश्न विचारून आणलेल्या नोंदी, असं काही लागणार नसेल आणि फक्त मशीनची तब्येत बघायची असेल, तर एक सर्व्हर पुरे. ओळी लागणारच असतील, तर रुग्णालयाचा लॉग सर्व्हर वेगळा काढा आणि झॅबिक्सला त्याच्यापासून लांब ठेवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसरीकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. लोक ही दोन्ही कामं झॅबिक्सच्या एकाच टोपलीत घालतात. लॉग जपायची जागा वेगळी आणि मशीनवर नजर ठेवायची जागा वेगळी, असं केलंत तर दोन्ही सांभाळता येतात.

सगळं लावून झाल्यावर तपासणी स्वतः सुपर ॲडमिन म्हणून करू नका, त्यातून काहीच कळत नाही. ब्राउझरची खासगी विंडो उघडा आणि कॉलेजच्या साध्या युजरने शिरा. वरच्या शोधाच्या चौकटीत हिशेबाच्या सर्व्हरच्या नावाची पहिली चार अक्षरं टाका. काहीही येता कामा नये. मग ‘लेटेस्ट डेटा’ कोणतीही गाळणी न लावता उघडा आणि होस्टचा रकाना वरून खाली वाचा. ‘प्रॉब्लेम्स’मध्ये गेल्या महिन्याचा इतिहास उघडा. रिपोर्ट, मॅप, ग्राफाना. मागच्या वेळी एका ठिकाणी हेच करताना मला कॉलेजच्या लॉगिनमधून पगाराच्या खोलीतला प्रिंटर दिसला होता. नेटवर्क डिस्कव्हरीने तो आपोआप शोधून ‘डिस्कव्हर्ड होस्ट्स’ ग्रुपमध्ये टाकला होता, आणि त्या ग्रुपवर सगळ्यांना परवानगी होती. नव्याने सापडलेलं मशीन ज्या ग्रुपमध्ये पडतं, तो ग्रुप आयटी कक्षाशिवाय कुणालाही दिसू नये. तिथून ते हाताने मालकाकडे जाईल. ही तपासणी मी विभागाच्या माणसाला शेजारी बसवून करतो, माऊस त्याच्याच हातात देतो, आणि त्याला म्हणतो, शोधा काय सापडतंय ते.

सुरुवात कुठून करावी, तर आधी कोअर स्विचवर जा आणि सगळ्या पोर्टांची वर्णनं वाचून काढा. त्या यादीवरून तुमचे चार होस्ट ग्रुप कोणते आणि प्रत्येकाचा मालक कोण हे कागदावर उतरेल. ज्या पोर्टचा मालक कुणालाच सांगता येत नाही, तो पोर्ट आधी शोधा.